डॉक्टर बाहेरून किती दिवस आणायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर पावसाळ्यात आपल्या वर्तमानपत्रात आमच्या गडचिरोलीचा एक फोटो असतो. खाटेची कावड, गुडघाभर पाण्यातून नाला ओलांडणारे चार पुरुष आणि खाटेवर चादरीत गुंडाळलेली गरोदर बाई. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका फोटोत कडेला छत्री धरलेला एक हात दिसतो. तो माझा हात. १९९१ साली मी आरोग्य सेविका म्हणून लागले, पुढे आरोग्य सहायिका झाले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. ही ३१ वर्षे धानोरा, एटापल्ली आणि भामरागड या तीन तालुक्यांत गेली. मी जातीने गोंड, माहेर धानोरा तालुक्यातले.

फोटोखाली पूल नाही, रस्ता नाही असे छापले होते. ते खरेच होते. पण फोटो काढणारे परत गेल्यावर काय झाले, ते मला आज लिहायचे आहे.

दोन तासांनी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलो. डॉक्टर हजर होते. त्यांनी लगेच तपासले. बीपी १५०/१०० भरले. "कावडीत हादरे बसलेत, घाबरली आहे, अर्ध्या तासाने पुन्हा बघू," असे ते म्हणाले. मग त्यांनी तिला मराठीत विचारले, "डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का?" तिने नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेवरून कळत नव्हते. डॉक्टर वळले तेव्हा ती सासूला माडिया बोलीत हळूच म्हणाली की डोके फुटते आहे आणि भिंतीवरचा एक दिवा दोन दिसतो आहे. माझी बोली धानोऱ्याकडची गोंडी, पण इतक्या वर्षांत माडिया कानात बसलेली होती. मी डॉक्टरांना सांगितले. त्यांचा चेहराच बदलला. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्सल्फचे इंजेक्शन दिले, गाडी बोलावली, स्वतः सोबत बसून तिला पुढच्या दवाखान्यात नेले. बाई वाचली. तिचा मुलगा आता शाळेत जातो.

त्या डॉक्टरांना मी अजिबात दोष देत नाही. मराठवाड्यातून बंधपत्रावर, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेला पंचविशीचा पोरगा होता. मलेरियाच्या हंगामात रात्र-रात्र झोपत नसे. शिकण्याची हौस इतकी की माझ्याकडून दुखण्याखुपण्याचे शब्द वहीत लिहून घेई. सात महिन्यांनी पदव्युत्तर शिक्षणाला (पीजीला) नंबर लागला आणि तो गेला. जाताना ती वही माझ्याकडे देऊन म्हणाला, "सिस्टर, पुढच्या डॉक्टरला द्या." मी दिली. तोही वर्षभराने गेला.

मी स्वतःही एक वही ठेवत असे. ज्या-ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली काम केले, त्याचे नाव आणि रुजू झाल्याची तारीख त्यात आहे. एकूण ४६ नावे आहेत. त्यांत आदिवासी ४. पेशंटशी त्याच्या बोलीत बोलू शकणारा १.

"आदिवासी भागात डॉक्टर मिळेनात" अशी बातमी आपण वर्षातून दोनदा तरी छापता. उपाय म्हणून मानधन वाढवा, क्वार्टर बांधा, बंधपत्र मोडणाऱ्याकडून १० लाख वसूल करा असे लिहिले जाते. यातले काही चुकीचे नाही. मी स्वतः गळक्या क्वार्टरमध्ये राहिलेली आहे, तेव्हा त्याचे मोल मला कोणी सांगायला नको. पण या सगळ्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते की डॉक्टर बाहेरून येणार. तो आमच्यातून निघेल, हे कोणी मनावरच घेत नाही.

आमच्यातून निघालेल्या माणसाने काम होते, हे तर याच जिल्ह्याने सगळ्या जगाला दाखवले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचा श्वास मोजायचा, ऊब द्यायची, न्यूमोनिया ओळखायचा आणि इंजेक्शनही द्यायचे, हे सारे थोडेफार शिकलेल्या बायकांनी केले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले आणि पुढे देशभरातल्या आशाताई घरोघर जाऊन बाळ तपासू लागल्या. मला याचा फार अभिमान वाटतो. पण तिथून पुढची पायरी कोणी चढूच दिली नाही. आमच्या बाया आशा झाल्या, अंगणवाडीताई झाल्या, माझ्यासारख्या सिस्टर झाल्या. राज्यपालांनी ९ जून २०१४ रोजी अधिसूचना काढली, तिच्यात अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका अशी पदे स्थानिक आदिवासींतून भरायची असे ठरले. त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, तो विषय वेगळा. पण त्या यादीतही डॉक्टर नव्हता. डॉक्टरची खुर्ची आमच्यापैकी कोणाची असू शकते, हे यादी करणाऱ्यांच्या डोक्यातही आले नसेल.

गडचिरोलीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जागा १००. आम्ही गावात पेढे वाटले. नंतर मी कागद घेऊन बसले. १५ जागा अखिल भारतीय कोट्याच्या. उरल्या ८५, त्यांत अनुसूचित जमातींना ७ टक्के, म्हणजे ६. वरच्या १५ मधली एखादी धरली तर सगळ्या मिळून ७. आमच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातली ३८ पेक्षा जास्त माणसे आदिवासी आहेत. आणि त्या ७ जागाही जिल्ह्याच्या नाहीत. पूर्वी ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना मिळत, ती पद्धत २०२० मध्ये बंद झाली. आता भामरागडच्या माडिया मुलीची यादी आणि पुण्या-मुंबईत क्लास लावून शिकलेल्या आदिवासी अधिकाऱ्याच्या मुलाची यादी एकच. तो मुलगाही आदिवासीच आहे, त्याचा हक्क मी नाकारत नाही. पण माडिया, कोलाम आणि कातकरी या तीन जमातींना सरकारनेच आदिम म्हणून वेगळे मानले आहे. त्यांच्यातली किती मुले दरवर्षी एमबीबीएसला लागतात, हे सरकारने जमातवार आणि तालुकावार छापावे. एवढी एक यादी जरी दरवर्षी आपल्या वर्तमानपत्रात आली, तरी पुष्कळ गोष्टी आपोआप बोलू लागतील.

आता माझ्या मुलीचे सांगते. ती आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली, बारावीला शहरात गेली. वैद्यकीयच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी राहिली, दुसऱ्या वेळी, २०१७ मध्ये, नीटमधून लागली. पण अभ्यासापेक्षा आमचा जीव जमातीच्या वैधता प्रमाणपत्राने काढला. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. माझ्या सासऱ्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, मग शाळेचा दाखला कुठून आणायचा? नवरा वारलेला. मी सुट्ट्या टाकून तहसीलच्या अभिलेख कक्षाच्या चकरा मारल्या. शेवटी एका कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीच्या जन्माची नोंद सापडली. शाई पुसट झालेली, पण 'गोंड' हा शब्द वाचता येत होता. तो कागद हातात आला तेव्हा मी तिथेच खाली बसले. पुढे चौकशी, घरभेट, देवदेवता कोणत्या, लग्नात काय करता, हे सगळे झाले. अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत ११ महिने लागले. आणखी दोन महिने उशीर झाला असता तर जागा गेली असती.

पडताळणी होऊ नये असे मी म्हणत नाही. आमच्या जागांवर दुसरे बसू नयेत, म्हणूनच ती हवी. पडताळणी कशी करावी हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितले, तो खटलाच मुळात एमबीबीएसच्या जागेवरून उभा राहिला होता. १९८५-८६ मध्ये आदिवासी जागेवर एमबीबीएसला गेलेल्या एका विद्यार्थ्याचा दावा २००० साली न्यायालयाने अमान्य केला, पण इतकी वर्षे उलटली, सरकारचा खर्च झाला, म्हणून त्याची पदवी राहू दिली. जे शिकले, त्यांच्या हाती कागद होते. ज्यांच्या चार पिढ्यांत कोणी शाळेत गेले नाही, त्यांच्याकडे कागद नाहीत, आणि खरे म्हणजे आदिवासी असण्याचा याहून मोठा पुरावा कोणता? कोतवाल पंजी, जुने अधिकार अभिलेख हे सगळे सरकारच्याच कपाटात आहे. मुलगी अकरावीत गेली की आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने स्वतः ते शोधावे आणि बारावीची परीक्षा देण्याआधी प्रमाणपत्र तिच्या हातात द्यावे. माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या आईला इतके कष्ट पडले. मोहफूल वेचणारी आई काय करील?

कॉलेजचे नाव मी लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात होस्टेलवर मुलींनी तिला विचारले, "किती मार्कांवर आलीस?" तिने खरे सांगितले. त्यानंतर खोलीत बोलणे थांबले. डिसेक्शनला टेबलाभोवती ती मागे उभी राही. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली पोर, वर्गात सारे इंग्रजीतून. व्हायवाला उत्तर येत असूनही तोंड उघडेना. अ‍ॅनाटॉमीत नापास झाली. रात्री फोन आला, "आई, मी परत येते. मला डीएमएलटी, लॅबचा कोर्स, करू दे." मी दुसऱ्या दिवशीच्या लसीकरणाची तयारी करत होते. हातातले व्हॅक्सिन कॅरियर तसेच ठेवले आणि पहाटेची एसटी धरली.

तिला मी थांबवले नाही, थांबवले तिच्याच होस्टेलवरच्या एका सीनिअरने. नंदुरबार जिल्ह्यातली, धडगावकडची पावरा आदिवासी मुलगी. ती स्वतः पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झालेली होती. तिने माझ्या मुलीचे गाठोडे सोडायला लावले आणि सहा आठवडे रोज रात्री नऊ ते बारा तिला घेऊन बसली. हाडे हातात देऊन आधी मराठीत समजावायची, मग तेच इंग्रजीत म्हणून घ्यायची. माझी मुलगी पास झाली, पुढे कधी राहिली नाही. या पावरा मुलीला कोणी नेमले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. ती त्या वर्षी तिथे नसती तर आज माझ्या जिल्ह्यात एक डॉक्टर कमी असती. इतक्या बारीक दोरीवर हे सगळे लटकलेले आहे.

२२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. सीनिअर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याने तिने जीव दिला, असा आरोप आहे. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. त्या रात्री मी आणि माझ्या मुलीने फोन ठेवलाच नाही. बोलणेही फारसे झाले नाही. ती तिकडे पुस्तकाची पाने उलटत होती, तो आवाज मी ऐकत होते. पायलच्या जळगावच्या आईच्या जागी मी स्वतःला किती वेळा पाहिले असेल, ते लिहिता येत नाही.

माझ्या मुलीने मला वाचून दाखवले की न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाने माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या मुलांसाठी १९७२ पासून वैद्यकीय प्रवेशाची वेगळी योजना ठेवली आहे. नुसती जागा देऊन ते थांबत नाहीत. ज्यांचे विज्ञान कच्चे असेल त्यांना आधी एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम, मग जादा शिकवण्या, आणि विचारपूस करायला त्यांच्यातलीच माणसे. म्हणजे आमच्या पावरा मुलीने रात्री जे केले, ते तिथे विद्यापीठ पगार देऊन करते. आपल्याकडे हे करायला कोणता कायदा आडवा येतो? प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशानंतर दोन महिन्यांचा इंग्रजी आणि मूलभूत विज्ञानाचा वर्ग, पहिल्या वर्षी संध्याकाळच्या शिकवण्या, आणि आदिवासी सीनिअर विद्यार्थ्यांना त्यासाठी मानधन. आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्वयंम योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात, ते महत्त्वाचे आहेत, पण पैशाने खोलीतले बोलणे सुरू होत नाही. तक्रार ऐकणाऱ्या समितीत एक तरी आदिवासी प्राध्यापक असावा. तो नसेल तर दुसऱ्या कॉलेजमधून बोलवावा. दार ठोठावण्याआधी मुलीला माहीत असले पाहिजे की आत आपले कोणीतरी बसले आहे.

२०२१ मध्ये लसीकरणाच्या वेळी आमच्या गावांत लोक आम्हाला पाहून जंगलात निघून जात. लस घेतली की माणूस मरतो, अशी बोलवा होती. माझी ३० वर्षांची ओळख कमी पडत होती. मुलगी तेव्हा सुट्टीत घरी होती. एका संध्याकाळी ती गोटूलपाशी, गावाच्या जमण्याच्या जागी, जाऊन बसली. भाषण केले नाही. आजीच्या वयाच्या बायकांशी गोंडीत बोलत राहिली, त्यांच्या शंका ऐकल्या, पुजाऱ्याला आधी विचारले की तुमच्या औषधाने ताप उतरतो तसे हे काय करते ते सांगू का. पुजाऱ्याने पहिली लस घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग होती. मी ते पाहून घरी येऊन रडले.

आज ती एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. बंधपत्राचे वर्ष संपले, तरी ती थांबली आहे. कुर्माघरात पाळीच्या दिवसांत राहणाऱ्या बाया तिला तिथूनच हाक मारतात आणि ती जाते. अंगावरून जाते, सिकलसेलच्या पोराचे सांधे सुजले, नवरा मारतो, हे सारे तिला सांगतात. हे बाहेरच्या पुरुष डॉक्टरला मरेपर्यंत कोणी सांगितले नसते. पण तिलाही पुढे शिकायचे आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे आहे. ती गेली तर केंद्र रिकामे, न गेली तर सिझेरियनसाठी आमच्या बाया अशाच शंभर-दीडशे किलोमीटर जाणार. मी तिला म्हटले, जा. तू परत येशील हे मला माहीत आहे. सरकारनेही तसे म्हणावे. अनुसूचित क्षेत्रात सेवा दिलेल्या स्थानिक मुलीला पीजीची जागा द्यावी आणि शिकून झाल्यावर तिच्याच जिल्ह्यात, तिने मागितलेल्या तालुक्यात नेमणूक लेखी द्यावी. बदल्यांच्या वेळी "गोंडी, माडिया, कोरकू, पावरी यांपैकी कोणती भाषा बोलता?" एवढा एक रकाना अर्जात टाकायला काय हरकत आहे? आजवर तो रकाना मी कुठल्याच अर्जावर पाहिला नाही.

सध्या माझ्या घरी आश्रमशाळेतल्या अकरावीच्या दोन मुली राहतात. एक माडिया, एक गोंड. दोघींना डॉक्टर व्हायचे आहे. माडिया मुलीच्या आजोबांची नोंद अजून सापडलेली नाही. गावाचे जुने नाव वेगळे होते असे तिचे वडील सांगतात, त्या नावाची कोतवाल पंजी आहे का, ते पाहायला सोमवारी आम्ही तिघी तहसीलला जाणार आहोत. मराठवाड्यातल्या त्या डॉक्टरने लिहिलेली शब्दांची वही फिरत-फिरत माझ्या मुलीकडे आली होती. तिने त्यात दुरुस्त्या करून ती या दोघींना दिली आहे. त्या वहीतले सगळे शब्द त्यांना येतात. त्यांना शिकायचे आहे ते त्याच्या समोरच्या रकान्यातले इंग्रजी.

मुलगी सेवेत असल्याने माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
ता. धानोरा, जि. गडचिरोली